चालू कॉल वळवताना दुसरी बाजू कट होत होती – माझा अनुभव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर अ‍ॅस्टरिस्क (कॉम्प्युटरवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर) बसवलंय. सौद्याच्या वेळी फोन नुसते खणखणत असतात. दिवाणजींची मागणी साधी: परगावचा व्यापारी लाइनवर असतानाच शेठना त्याच बोलण्यात घ्यायचं. स्क्रीनवर बटण दिलं, त्यामागे एएमआयची (बाहेरच्या प्रोग्रॅममधून अ‍ॅस्टरिस्कला हुकूम द्यायची सोय) 'रीडायरेक्ट' अ‍ॅक्शन, म्हणजे चालू कॉल दुसरीकडे वळवणारी. बटण दाबलं की व्यापारी कॉन्फरन्समध्ये आणि दिवाणजींचा फोन कट! दिवाणजी वैतागले, साहजिकच आहे.

चालू कॉल म्हणजे ब्रिजने जोडलेली दोन चॅनल, प्रत्येक बाजूच्या फोनचं एक. त्यातलं एकच उचललं की ब्रिज मोडतो, मागे राहिलेल्याला डायलप्लॅनमध्ये (कॉलचं पुढे काय करायचं त्या पायऱ्यांची यादी) पुढे काही उरत नाही, मग हँगअप. उपाय त्याच अ‍ॅक्शनमध्ये आहे: 'एक्स्ट्राचॅनल'. 'चॅनल'मध्ये व्यापाऱ्याचं, 'एक्स्ट्राचॅनल'मध्ये दिवाणजींचं नाव द्यायचं. कॉन्टेक्स्ट, एक्स्टेन्शन, प्रायॉरिटी (डायलप्लॅनमधला पत्ता) कॉन्फब्रिजची, म्हणजे कॉन्फरन्सची. दोघं एकदमच आत जातात. शेठना मग 'ओरिजिनेट'ने (नवा कॉल लावणारी अ‍ॅक्शन) तिथेच बोलवायचं.

चॅनलचं नाव मात्र शेपटासकट, म्हणजे अ‍ॅस्टरिस्क शेवटी जोडतं त्या भागासकट लागतं. नुसतं 'पीजेएसआयपी/१०५' चालत नाही, आणि ते शेपूट दर कॉलला बदलतं. चालू चॅनलांची यादी देणाऱ्या साध्या 'कोअर शो चॅनल्स' कमांडमध्ये लांब नावं कापली जातात, म्हणून पुढे 'कन्साइज' जोडा. कमांड लाइनवरचं 'चॅनल रीडायरेक्ट' एका वेळी एकच चॅनल हलवतं, त्यामुळे इथे ते कुचकामी. मॅनेजर युजरला (एएमआयच्या लॉगिनला) 'कॉल'ची राइट परवानगी नसेल तर अ‍ॅक्शन नाकारली जाते, तेवढं आधी बघून घ्या.