यूकेत नवीन आलात? चार्जर लावण्याआधी हे वाचा

दर सप्टेंबरला पुण्या-नाशिकहून नवी मुलं येतात आणि पहिल्याच रात्री फोन येतो, "काका, रूममधलं सॉकेट बंद आहे वाटतं, चार्जर आतच जात नाही." सॉकेट बंद नसतं. इथल्या सॉकेटची खालची दोन भोकं आतून झडपेनं झाकलेली असतात. वरच्या भोकात अर्थिंगची लांब पिन शिरली की झडप सरकते. आपल्या दोन पिनांच्या चार्जरला ती तिसरी पिनच नसते.

मग शेजारच्या खोलीतला कुणी जुना विद्यार्थी येतो, वरच्या भोकात पेन खुपसतो, झडप उघडली की चार्जर दाबून बसवतो आणि म्हणतो, "आम्ही सगळे असंच करतो, काही होत नाही." मला याचा मनापासून राग येतो. वीस वर्षं इथे राहिलेली आपली शहाणी माणसंसुद्धा हेच शिकवतात. कृपा करून ऐकू नका.

कारण सांगतो. इथल्या प्रत्येक प्लगच्या पोटात फ्यूज असतो, साधारण 700 वॅटपर्यंतच्या वस्तूला 3 अँपिअरचा आणि त्यावर 13 चा. तो असतो वायरीच्या रक्षणासाठी. बहुतेक घरांत सॉकेटची लाइन एकच मोठी, आणि तिच्यावर 32 अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण. तुमच्या चार्जरची किंवा टेबल लॅम्पची वायर शेवईएवढी. फ्यूजचा प्लग टाळून ती थेट भिंतीत लावलीत आणि काही बिघाड झाला, तर तो मोठा एमसीबी पडायच्या आधी वायर तापून जळू शकते. शिवाय आपल्या गोल पिना त्या चौकोनी भोकांत सैल बसतात, ठिणग्या उडतात, सॉकेट आतून काळं पडतं.

आता माझी चूक. 2009 चा जानेवारी, कॉव्हेंट्रीतली भाड्याची खोली, बाहेर बर्फ. मी घरून एक्स्टेन्शन बोर्ड आणला होता, 6 अँपिअरचा, आणि तो एका स्वस्त, बिनफ्यूजच्या अ‍ॅडॅप्टरमधून भिंतीत लावला होता. त्यावर लॅपटॉप, फोन आणि 2000 वॅटचा हीटर. हीटर एकटाच जवळजवळ 9 अँपिअर ओढतो, हा हिशेब तेव्हा डोक्यात आलाच नाही. पहाटे जळक्या प्लास्टिकच्या वासानं जाग आली. बोर्डाची कड मऊ होऊन गालिच्यावर ओघळली होती, अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या सॉकेटला चिकटून बसला होता आणि वर भिंतीवर तपकिरी डाग. आग लागली नाही, एवढंच नशीब. घरमालकानं डिपॉझिटमधून 240 पौंड कापले. तेव्हा किमान वेतन ताशी 5.73 पौंड होतं, म्हणजे 42 तासांची कमाई. विद्यार्थ्याला आठवड्याला 20 तासच काम करता येत होतं. दोन आठवडे मी त्या गालिच्यासाठी राबलो. म्हणून सांगतो, भारतातून एक्स्टेन्शन बोर्ड आणू नका. इथेच घ्या, आणि हीटर कधीही त्यावर लावू नका, थेट भिंतीत लावा.

व्होल्टेजची चिंता सोडा. इथेही 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ. अमेरिकेतल्या मावशीचं ऐकून ट्रान्सफॉर्मर घेऊ नका, 120 व्होल्टची भानगड तिथली. घरचा मिक्सर इथे तसाच चालतो, फक्त प्लग बदलून घ्यावा लागतो, तोही माहीतगार माणसाकडून. आपल्याकडच्या जुन्या वायरीत लाल, काळी, हिरवी. इथे तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी. ही गल्लत जिवावर बेतू शकते.

लॅपटॉपसाठी अ‍ॅडॅप्टर घेऊच नका. चार्जरच्या ठोकळ्यातून भिंतीकडे जाणारी वायर बहुतेक वेळा ओढली की निघते. तेवढीच इथल्या प्लगची, फ्यूज असलेली घ्या. ठोकळ्याकडचं टोक आधी बघून घ्या. तीन पाकळ्यांचं असेल तर तसंच मागा. फोनसाठी नवा चार्जर घ्या. आल्या आल्या विमानतळावर काही घेऊ नका, तिथे महाग. आर्गोस, टेस्को, आस्डा कुठेही मिळेल.

बाथरूममधलं छोटं सॉकेट फक्त दाढीच्या मशिनसाठी आणि इलेक्ट्रिक ब्रशसाठी, फोन तिथे लावायचा नाही. आणि विमानात येताना पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनच्या सामानात कधीच नाही.

जुन्या घरात भिंतीत तीन गोल भोकांचं, अगदी आपल्यासारखं सॉकेट दिसलं तर हुरळून जाऊ नका. आपला गोल पिनांचा प्लग मूळचा इथलाच, 1947 मध्ये चौकोनी पिनांचा आला आणि गोल पिनांचा मागे पडला. आता तशी सॉकेट बहुधा टेबल लॅम्पसाठी दिव्यांच्या लाइनवर असतात, दाराजवळच्या बटणानं चालू-बंद होतात. चार्जर लावून झोपलात आणि कुणी जाताना दिवा मालवला, तर सकाळी फोन रिकामाच असेल.

खोली ताब्यात घेताना प्रत्येक सॉकेटचा फोटो काढा आणि त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. आधीच्या भाडेकरूनं पेन खुपसून मोडलेली झडप तुमच्या डिपॉझिटमधून वसूल होता कामा नये.