सिक लीव्हची सूचना लावण्याआधी

कामगारांना सिक लीव्हचा, म्हणजे आजारपणाच्या रजेचा, हक्क कळवायचा तर मालकाचं पहिलं काम म्हणजे सध्या लागू असलेला नियम काढून वाचायचा, गेल्या वर्षीची फाइल नव्हे. पगारी सिक लीव्हचे नियम देशागणिक, कुठेकुठे शहरागणिक वेगळे आहेत आणि आकडे बदलत राहतात. कॅलिफोर्नियात २०२४ पासून वर्षाला ३ दिवसांचे ५ दिवस, म्हणजे ४० तास झाले. बोर्डावर जुनं पत्रक राहिलं तर चुकीची माहिती तुम्हीच देताय. सरकारी नमुना असेल तर तोच लावा, आपली भाषा पाजळू नका.

जागा ठरवा. साहेबांच्या केबिनबाहेर लावून काही होत नाही. जिथे हजेरी लागते, डबे उघडतात, तिथे लावा. भाषा कामगारांना वाचता येणारी हवी. घरून काम करणाऱ्यांना आणि फिरतीवरच्यांना मेल किंवा मेसेज करा.

मग नेमणूकपत्र. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२० पासून आजारपणाच्या रजेचा आणि पगाराचा तपशील कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत लेखी द्यावा लागतो. तुमच्याकडे सक्ती नसली तरी द्या. रजा किती, कशी जमते, केव्हापासून घेता येते, कोणाला कळवायचं, डॉक्टरचा दाखला कधी लागतो, घरच्यांच्या आजारपणाला चालते का, एवढं त्यात यावं. रजा घेतली म्हणून त्रास झाला तर तक्रार कुठे करायची, ही ओळ हमखास गाळली जाते. तीच आधी लिहा.

अर्धवेळवाल्यांना विसरू नका. ३० तास कामाला १ तास रजा असा हिशोब असेल, तर त्यांचीही रजा जमत असते, फक्त त्यांना कोणी सांगत नाही. पगाराच्या स्लिपवर ‘सिक लीव्ह शिल्लक: १४ तास’ एवढी ओळ छापली की हा प्रश्न मिटतो; कॅलिफोर्नियात शिल्लक रजा दर पगाराला लेखी कळवावीच लागते.

खरी मेहनत सुपरवायझरवर घ्या. रात्री मेसेज येतो, ‘ताप आहे, उद्या जमणार नाही.’ त्यावर ‘मग बदली माणूस तूच शोध’ असं उत्तर गेलं की भिंतीवरचं पत्रक गेलं पाण्यात. कॅलिफोर्नियात ही अट घालायलाच मनाई आहे. अशा मेसेजला काय उत्तर द्यायचं, ते सुपरवायझरला लिहूनच द्या.

शेवटी पोच. कोणाला कोणत्या तारखेला काय दिलं, त्यावर सही घ्या आणि रजेच्या नोंदींबरोबर किमान ३ वर्षं जपा. तुमच्या कायद्यात मुदत जास्त असेल तर तेवढी.