सोलापूरच्या उन्हात मोरोक्कन चौक

मोरोक्कोतलं रियाद म्हणजे आपल्या वाड्याचाच भाऊबंद, बाहेर कोऱ्या भिंती आणि आत मधोमध चौक, त्यामुळे घराला चौक असेल तर निम्मं काम झालंच समजा. आधी मधोमध पाणी. मोठं कारंजं नको, आपल्याकडे नळाला रोज पाणी कुठं येतं, तेव्हा दगडी कुंडी घ्या, छोटा पंप टाका, तेच पाणी फिरत राहतं, आणि गप्पी मासे सोडले की डासांची कटकट नाही. चार बाजूंना चार वाफे, त्यात लिंबू, मोगरा आणि डाळिंब तर हवंच, सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय! झेलीज, म्हणजे मोरोक्कोच्या रंगीत नक्षीच्या टाइल्स, फक्त कुंडीभोवती, बाकी शहाबादी फरशी. एक भिंत मराकेशच्या माजोरेल बागेसारखी गडद निळी, एकच हं, बाकीच्या चुन्याच्या पांढऱ्या.

रात्रीसाठी जाळीचे पितळी कंदील, आत वॉर्म बल्ब, आणि ते उंच टांगू नका, जमिनीलगत ठेवा म्हणजे जाळीची नक्षी भिंतीवर पडते. रातराणी कोपऱ्यात लावा, बेडरूमच्या खिडकीखाली नको, वास फार उग्र. मे महिन्यात दिवस मावळला की फरशीवर दोन बादल्या पाणी मारा, आधी गरम वाफ येते, मग दहा मिनिटांत बसण्याजोगा गारवा, तेव्हा सोलापुरी चादर अंथरा.