एकाच वर्गात सगळ्या तऱ्हेची पोरं असतील तर शिकवायचं कसं

नवीन जॉइन झालेल्या शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, सर एक पोरगं फाडफाड वाचतं, शेजारच्याला काना-मात्रा पण लागत नाही, मग शिकवायचं कोणाला? मी धुळ्याकडे जिल्हा परिषद शाळेत आहे, तिसरी-चौथी एकत्र, त्यामुळे हे माझं रोजचंच. जे वर्गात चाललं तेवढंच सांगतो, ट्रेनिंगमधलं पीपीटी नाही.

आधी पोरगं अडकतं कुठे ते बघा. ‘वाचता येत नाही’ एवढ्याने काहीच कळत नाही. एकेकाला जवळ बसवा, दोन-तीन मिनिटं मोठ्याने वाचायला लावा, तोवर बाकीच्यांना चित्र काढायला द्या, आणि चुका जशाच्या तशा वहीत लिहून ठेवा. मग दिसतं की एक जण घ-ध, भ-म यांची अदलाबदल करतो, दुसरी जोडाक्षर आलं की थांबते, तिसरा पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतो. आपण तिघांनाही कच्चं म्हणून मोकळे होतो.

आपली लिपी पण कमी नाही बरं का. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि बोलताना नंतर. रफार त्याहून भारी, ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो आणि बसलाय मात्र य च्या डोक्यावर, आपल्याला सवय झाली म्हणून काही वाटत नाही पण ज्याला अक्षरांचा क्रमच धरता येत नाही त्याचं काय होत असेल बघा. मी असे शब्द फळ्यावर लिहून रफार तेवढा लाल खडूने काढतो, पोरं आधी टाळी वाजवत ‘सूर्-य’ म्हणतात, मग बोट ठेवून वाचतात. घ आणि ध मात्र एकाच दिवशी घेऊ नका, आधी घ पक्का होऊ द्या, ताटात रवा पसरून बोटाने गिरवून घ्या, ध आठ-दहा दिवसांनी.

गणितातही तेच. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो आणि लिहायचा शेवटी, मग पोरगं 72 लिहितं. एकोणतीसमध्ये तर कानावर तीस पडतं आणि लिहायचे 29. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ आलं तेव्हा लोकांनी किती जोक मारले, पण अडखळणाऱ्या पोरांना याचा फायदा होतो हे मी स्वतः पाहिलंय. दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हातात द्या, ‘वीस सात’ म्हणू द्या, मग सत्तावीस.

घरची भाषा वेगळी असेल तर लगेच लाल पेन काढू नका. आमच्याकडे अहिराणी, पोरगं लिहितं ‘मनं गाव मोठं शे’. सुरुवातीला मी खोडायचो, मग काय, पोरांनी लिहिणंच बंद केलं. आता फळ्यावर दोन रकाने करतो, इकडे शे तिकडे आहे, इकडे मनं तिकडे माझं, आणि तिकडचा रकाना पोरंच भरतात.

एका जागी न टिकणाऱ्याला एका वेळी एकच सूचना द्या, दहाऐवजी चार गणितं द्या, आणि मधेमधे वह्या गोळा करायला उठवा, तसंही तो उठणारच आहे.

एक माझी चूक सांगतो. एका मुलीला मी सहामाहीपर्यंत मंद समजत होतो, तिला फळ्यावरचं दिसतच नव्हतं, चष्मा लागला आणि दिवाळीनंतर ती सगळ्यांच्या पुढे. त्यामुळे आधी डोळे आणि कान तपासून घ्या. आणि फळ्याकडे तोंड करून बोलायची सवय सोडा, कमी ऐकू येणारं मूल तुमच्या ओठांवरून बरंच समजून घेत असतं.

एवढं करूनही वाचनात फरक दिसेना तर केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, विशेष शिक्षकांना बोलवा, पालकांशी नीट बोला. डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता) वगैरे शिक्का आपण मारायचा नाही, ते तपासणीनंतरच ठरतं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात अध्ययन अक्षमता पण येते, आणि सर्टिफिकेट असलं तर पुढे दहावीच्या पेपरला तासामागे 20 मिनिटं जास्त मिळतात, गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो. पालकांना हे माहीतच नसतं, ‘आमच्या पोराला वेडा ठरवता का’ म्हणून भांडायला येतात, तेव्हा चिडू नका, चहा द्या आणि पोराची वही समोर ठेवा.

हुशार पोराशेजारी कच्चं पोरगं बसवायची आयडिया सगळेच करतात, माझ्याकडे फेल गेली. हुशार पोरगं उत्तर सांगून मोकळं होतं. एखादी पायरीच पुढे असलेला जोडीदार द्या, त्याचं स्वतःचं नुकतंच अडलेलं असतं म्हणून समजावतो बरं. दुपारच्या सुट्टीनंतर 40 मिनिटं मी तिसरी-चौथी विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करतो. गटांना मोर, चिमणी अशी नावं दिली होती, दोन दिवसांत पोरांनी ओळखलं हुशारांचा मोर आहे ते. आता दर सोमवारी चिठ्ठी टाकून नावं बदलतो.