ॲक्युपंक्चर पेन घरी वापरताय? या चुका टाळा

ॲक्युपंक्चर पेन म्हणजे सुईऐवजी हलका करंट देणारं छोटं यंत्र. ॲक्युपंक्चरच्या ठरावीक जागा, म्हणजे पॉइंट, शोधताना ते बीप देतं. बीप वाजली की पॉइंट सापडला, एवढ्याच समजुतीवर बहुतेक जण सुरुवात करतात. पेन एकच गोष्ट मोजतं: त्या जागी त्वचा विजेला किती अडवते. बीप म्हणजे तिथे अडथळा कमी आहे, बस्स. जागा बरोबर आहे की नाही, हे तुमच्या बोटांनी ठरवायचं असतं.

सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे सर्किट अर्धवट सोडणं. सेलवर चालणाऱ्या बहुतेक पेनांच्या अंगावर धातूची पट्टी असते. करंट टोकातून त्वचेत शिरतो, शरीरातून पेन धरलेल्या हातात येतो आणि पट्टीतून परत पेनात जातो. स्वतःला लावताना हे आपोआप घडतं, दुसऱ्याला लावताना नाही. लालबागमध्ये एक मुलगा आईच्या गुडघ्याखाली पेन लावत होता. ना बीप, ना मुंग्या. सेल बदलले, तरी तेच. शेवटी पेन दुरुस्तीला लॅमिंग्टन रोडवर नेलं. दुकानदाराने स्वतःच्या हाताला टेकवताच वाजलं. घरी आईला लावलं, पुन्हा गप्प. परत दुकान. पेनात बिघाड नव्हताच; मुलाचा मोकळा हात आईच्या साडीवर होता, त्वचेवर नव्हता.

दुसऱ्याला लावताना मोकळा हात त्यांच्या उघड्या अंगावर, पोटरीवर किंवा घोट्यावर, टेकवून ठेवा. वेगळी वायर आणि दांडी असेल तर ती त्यांच्याच हातात द्या, ज्या बाजूला लावताय त्या बाजूच्या. आणि एक गोष्ट कुणीच सांगत नाही: हात टेकवून लावताना करंट लावणाऱ्याच्याही छातीतून जातो. म्हणून पेसमेकर असलेल्या माणसाने हे पेन दुसऱ्यालाही लावू नये.

दुसरी चूक खास मुंबईची. जुलैत लोकलमधून घरी यायचं, घामेजल्या अंगाला पेन लावायचं आणि सगळीकडेच वाजतंय म्हणून वैतागायचं. घामात मीठ असतं. ओल्या त्वचेवर अडथळा सगळीकडेच कमी होतो. आधी दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली बसा, सुती कापडाने पुसा. स्पिरिटने पुसलंत तर ते पूर्ण वाळू द्या. तेल किंवा बाम लावला असेल तर साबणाने धुऊन काढा. मग पॉइंटपासून दूर, साध्या त्वचेवर टोक ठेवून सेन्सिटिव्हिटीचा नॉब (बीप किती सहज वाजावी हे ठरवणारा) जेमतेम बीप येईपर्यंत वाढवा आणि तिथून किंचित मागे घ्या. आता शोधायला लागा, आणि दाब सगळीकडे सारखा ठेवा. जोरात दाबलं की कुठेही वाजतं. एकाच जागी परत परत टोचत राहिलात तरी तिथला अडथळा कमी होतो आणि पेन खोटी खात्री देतं.

जागा आधी बोटांनी मोजा, तीही ज्याला लावायचंय त्याच्या बोटांनी. प्रत्येक पॉइंटला अक्षरं आणि आकडा असं नाव असतं. एसटी ३६ गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या कडेपासून बाहेर एक बोट. पीसी ६ तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या रेषेपासून कोपराकडे तीन बोटं, दोन ताठ स्नायुबंधांच्या (टेंडन) मधोमध. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ३६१ पॉइंटच्या जागा ठरवून दिल्या आहेत. व्हॉट्सॲपवर फिरणारे रंगीत तक्ते त्याच्याशी जुळतीलच असं नाही. पाच पॉइंट नीट शिका. पन्नास पाठ करण्याची घाई नको.

करंट शून्यापासून वाढवा. मुंग्या स्पष्ट जाणवल्या, पण त्रास होत नाही, तिथे थांबा. एका पॉइंटला पंधरा ते तीस सेकंद पुष्कळ झाले. ‘जास्त लावलं की लवकर बरं’ हा हट्ट फार महागात पडतो: टोक बारीक असतं, सगळा करंट तेवढ्याशा जागेत एकवटतो आणि त्वचा लाल होते, कधी भाजतेही.

गरोदरपणात हे पेन घरच्या घरी लावूच नका. एलआय ४ (अंगठा आणि तर्जनीच्या मधला) आणि एसपी ६ (आतल्या घोट्याच्या वरचा) तर अजिबात नाही. मानेच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांजवळ, जखमेवर, फुगलेल्या शिरेवर नाही. फिट येणाऱ्यांना नाही. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर पायाला लावू नका, भाजलं तरी कळत नाही.

छातीत दुखतंय, डावा हात भरून येतोय, अशा वेळी पेन हातात घेणं हा गुन्हा आहे. सरळ १०८ ला फोन करा.

करंट नीट जावा म्हणून त्वचेवर जेल लावायचं तर थेंबभर. पसरलं की करंटही पसरतो. महिनाभर वापर नसेल तर सेल काढून ठेवा. पावसाळ्यात सेल गळतात आणि स्प्रिंगवर हिरवट गंज चढतो. गंज हलका असेल तर पेन बंद ठेवून कापसावर थोडा व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, मगच नवे सेल घाला.