नॉर्वेहून अमेरिकेला गेलेला पूर्वज शोधताय? आडनावामागे धावू नका

ओले हॅन्सन म्हणजे फक्त हॅन्सचा पोरगा ओले, आणि असे ओले पैशाला पासरी, शिवाय १९२३ च्या कायद्यापर्यंत तिकडे कायमचं आडनाव सक्तीचं नव्हतंच. खरी किल्ली शेताचं नाव, म्हणजे आपल्या गावावरून पडलेल्या ‘कर’सारखंच, फक्त माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की तेही बदलायचं (डोक्याला ताप!). म्हणून आधी अमेरिकेतल्या लुथरन चर्चची रजिस्टरं बघा, तिथे बऱ्याचदा नॉर्वेतलं जन्मगाव लिहिलेलं सापडतं. ते मिळालं की डिजिटालआर्किव्हेटवर (नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराची वेबसाइट) फुकटात १८६५ ची जनगणना आणि त्या पॅरिशच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या भागाच्या) चर्चबुकातली ‘उत्फ्लिटेडे’ म्हणजे गाव सोडून गेलेल्यांची यादी चाळा, जन्मतारीख आणि बापाचं नाव दोन्ही जुळलं तरच आपला माणूस समजा.