ऐतिहासिक सिनेमा आणि स्पॉयलर: पोस्ट टाकण्याआधी या चुका टाळा

ऐतिहासिक सिनेमा लागला की सोलापुरातल्या ग्रुपांवर एक वाद हमखास पेटतो. कोणीतरी शेवट लिहून मोकळा होतो, म्हणजे स्पॉयलर देतो, दुसरा चिडतो, आणि पहिल्याचं उत्तर तयारच असतं: "इतिहास आहे, त्यात काय फोडायचं? चौथीच्या पुस्तकात आहे की!"

हे उत्तर अर्धंच खरं आहे. घडलेली घटना इतिहासाची असते. ती कोणाच्या नजरेतून सांगायची, काय गाळायचं, कुठे थांबायचं, हे दिग्दर्शक आणि लेखक ठरवतात. घटना सांगितल्याने बहुतेक वेळा काही बिघडत नाही. मांडणी सांगितली की ज्याने अजून तिकीट काढलेलं नाही त्याच्यासाठी फारसं काही उरत नाही. खालच्या बहुतेक चुका या दोन्हींत गल्लत केल्यामुळे होतात.

"सगळ्यांना माहीतच आहे" असं धरून चालणं

अफझलखानाचं प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला काय झालं हे लिहिलं तर मराठी वाचक रागावणार नाही. पण तुमच्या ग्रुपवर सोलापूरच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा मित्र आहे, परप्रांतातून आलेला सहकारी आहे, बारा वर्षांची भाचीही आहे. सगळ्यांची पुस्तकं एक नव्हती.

म्हणून लिहिण्याआधी क्रमाने तीन गोष्टी तपासा. सिनेमाचं नाव, पोस्टर किंवा ट्रेलर ही गोष्ट सांगतं का? सांगत असेल तर मोकळेपणाने लिहा. नसेल, तर सिनेमा स्वतःच सुरुवातीच्या दहा-पंधरा मिनिटांत ती सांगून टाकतो का? तरीही हरकत नाही. दोन्हींचं उत्तर नाही असेल आणि तुमचा आधार फक्त "शाळेत होतं" एवढाच असेल, तर ती गोष्ट पहिल्या ओळीत नको. सूचना देऊन खाली लिहा.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं उदाहरण घ्या. सोलापुरात जन्मलेले कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला चीनमध्ये वारले. भैय्या चौकातलं स्मारक पाहिलेल्या माणसाला हे सांगण्यात कसला स्पॉयलर? व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा केला. तो ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ज्या पुस्तकावर बेतला होता, त्याच्या नावातच 'एक परत आला नाही' असं होतं. पाच डॉक्टर चीनला गेले आणि कोटणीस परतले नाहीत, हे तिथे आधीच उघड होतं. मृत्यू लपवण्यासारखा नव्हताच. तो पडद्यावर कसा येतो आणि त्यानंतर कॅमेरा कोणाकडे वळतो, हे मात्र न सांगण्यासारखं.

सिनेमा कुठे थांबतो ते सांगणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि माणसं ती निर्धास्तपणे करतात. पानिपतचा निकाल सगळ्यांना ठाऊक आहे: १४ जानेवारी १७६१. पण सिनेमा रणांगणावर संपू शकतो, 'दोन मोती गळाल्या'च्या निरोपावर संपू शकतो, किंवा २३ जून १७६१ ला नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूपर्यंतही जाऊ शकतो. इतिहास तोच, सिनेमे तीन. शेवटची चौकट कोणती, हे अभ्यासकालाही आधी माहीत नसतं. त्यामुळे "शेवट अमुक प्रसंगावर केलाय, अंगावर काटा आला" ही ओळ कितीही मनापासून लिहिलेली असली तरी ती स्पॉयलरच. "शेवटची वीस मिनिटं जागेवरून हलू नका" एवढं पुरतं.

शेवटी येणाऱ्या पाट्या आणि खऱ्या छायाचित्रांनाही हेच लागू. विषय अपरिचित असेल तर सगळा धक्का त्या पाटीतच असतो.

वादाच्या प्रश्नावर सिनेमाने घेतलेली बाजू उघड करणं

इतिहासात जिथे एकमत नाही तिथे खरी उत्कंठा असते. संभाजी महाराज फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले गेले, हे नक्की. फितुरी कोणाची, यावर आजही वाद होतात. म्हणजे सिनेमाने कोणाकडे बोट दाखवलं, हे फक्त सिनेमा पाहूनच कळतं. सदाशिवरावभाऊंचंही तसंच. पानिपतानंतर त्यांचा तोतया उभा राहिला, त्याला १७७६ मध्ये मृत्युदंड झाला, तरी तो खरंच तोतया होता का ही चर्चा पूर्ण थांबली नाही. अशा ठिकाणी नाव घेऊ नका. "फितुरीचा प्रश्न सिनेमाने ठामपणे सोडवलाय, पटतो का ते पाहा" असं लिहिलं की काम होतं.

काल्पनिक पात्रांना इतिहासाच्या खात्यात टाकणं

समजा, उद्या कोणी सोलापूरच्या मार्शल लॉवर, म्हणजे लष्करी अंमलावर, सिनेमा काढला. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. चार पुतळ्यांजवळून रोज जाणाऱ्या सोलापूरकरासाठी यात काहीच फुटत नाही. नागपूरच्या प्रेक्षकासाठी मात्र फुटू शकतं; तेव्हा मथळ्यात नको, मजकुरात चालेल.

आता त्याच सिनेमात लेखकाने गिरणीत साचा चालवणारा एक तरुण रचला, त्याची बहीण रचली, आणि पोलिसांना बातम्या पुरवणारा एक शेजारी रचला. यांचं पुढे काय होतं ते कुठल्याच दप्तरात नाही. तिथे शंभर टक्के स्पॉयलरचा नियम लागतो. अडचण अशी, की पात्र खरं की रचलेलं हे पटकन कळत नाही. अशी पात्रं बहुधा फक्त पहिल्या नावाने वावरतात, किंवा दोन-तीन खऱ्या माणसांचं मिश्रण असतात. शंका असेल तर त्यांना काल्पनिकच समजा.

चुका काढण्याच्या भरात सगळं सांगणं

इतिहासाची आवड असलेल्यांकडून हे सर्वाधिक होतं. "अमुक तेव्हा तिथे नव्हताच, तमुक तर आधीच वारला होता" अशी यादी म्हणजे उलट बाजूने सांगितलेली पटकथाच. सिनेमा इतिहास सोडून कुठे वळतो, हा तर त्यातला सर्वांत जपण्यासारखा भाग. म्हणून दोन पोस्ट करा. पहिलीत अंदाज द्या: "उत्तरार्धात एका भेटीचा क्रम बदललाय, वेशभूषा नीट आहे, तोफा काळाशी जुळत नाहीत." सविस्तर यादी वेगळी, सूचनेसह, दोन शनिवार-रविवार उलटल्यावर. ती यादी जरूर करा. तिची गरज असते.

फोनवर होणाऱ्या चुका

व्हॉट्सॲपवर संदेश उघडण्याआधीच नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीच्या ओळी दिसतात. त्यामुळे पहिल्या दोन ओळींत फक्त सिनेमाचं नाव आणि "पुढे शेवटाबद्दल आणि एका पात्राबद्दल आहे" एवढंच लिहा. नुसतं "स्पॉयलर" लिहून भागत नाही. कशाबद्दल ते कळलं तरच वाचायचं की नाही हे ठरवता येतं. टेलिग्रामवर मजकूर निवडून फॉरमॅटिंगमधला 'स्पॉयलर' पर्याय दिला की तो झाकला जातो.

थिएटरात शेवटाचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवणं तर अजिबात नको. रडणारे प्रेक्षक दाखवायचे असतात, पण मागे पडदा दिसतोच. शिवाय सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर पडद्यावरच्या सिनेमाचं विनापरवाना चित्रण केल्यास किमान ३ महिने कैद आणि किमान ३ लाख रुपये दंड होऊ शकतो.

फुटल्यावर सावरताना

व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांच्या आत संदेश दुरुस्त करता येतो. त्यानंतरही साधारण दोन दिवस 'सर्वांसाठी हटवा' चालतं. मात्र कोणी त्या संदेशावर उत्तर दिलं असेल, तर उत्तराच्या वरच्या चौकटीत मूळ ओळ तशीच राहते. त्या माणसाला वैयक्तिक निरोप देऊन त्याचं उत्तरही काढायला सांगा. "अरे, तसं काही नाहीये" असं लिहून झाकायला जाऊ नका, त्याने उलट खात्रीच पटते. ग्रुपवर माफी मागताना तो प्रसंग पुन्हा लिहू नका, आणि लगेच दुसऱ्या विषयावरचे चार-पाच संदेश टाका, म्हणजे चॅटच्या यादीत ग्रुपच्या नावाखाली तरी तेच दिसतील.